मुद्दल आणि व्याज : वऱ्हाडच्या निसर्गसंपत्तीचा ताळेबंद



पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसणाऱ्या घरांत एक शिकवण लहानपणीच मिळते. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. नफा कमी झाला तर संसार आखडता घ्यावा, परंतु मूळ भांडवल मोडून घरखर्च चालवू नये. ज्या पेढीने मुद्दल मोडून थाट केला, तिचे दिवाळे दोन-तीन पिढ्यांत निघाल्याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत सापडतात. अशा पेढीचे वैशिष्ट्य असे, की ती बुडण्याच्या आदल्या वर्षापर्यंत बाहेरून भरभराटीचीच दिसते. गल्ल्यात रोकड असते, दारात गिऱ्हाईक असते. केवळ ताळेबंद पाहणाऱ्यालाच खरी स्थिती ठाऊक असते.

निसर्ग हीसुद्धा एक पेढीच होय. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील समाज या पेढीतून रोज उचल करीत असतो. ती उचल व्याजातून होते की मुद्दलातून, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

दोन खाती

शालेय पुस्तकांत नैसर्गिक संसाधनांचे दोन प्रकार सांगितलेले असतात. एक अपुनर्नवीकरणीय, म्हणजे एकदा वापरले की संपणारे. कोळसा, खनिज तेल, धातूंची खनिजे ही त्याची उदाहरणे. दुसरे पुनर्नवीकरणीय, म्हणजे वापरले तरी पुन्हा भरून येणारे. सूर्यप्रकाश, वारा, पाऊस, जंगल, भूजल ही त्याची उदाहरणे. परीक्षेपुरती ही विभागणी पुरेशी आहे. व्यवहारात मात्र ती फसवी ठरते.

पहिल्या खात्याचे स्वरूप समजण्यास फार दूर जावे लागत नाही. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यात पारस येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथील प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच मिळून ५०० मेगावॅट वीज निर्माण होऊ शकते. एक युनिट विजेसाठी साधारणपणे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. हे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर १ कोटी २० लाख युनिट वीज तयार होईल आणि त्यासाठी सुमारे साडेसात ते आठ हजार टन कोळसा लागेल. म्हणजे जवळजवळ दोन भरलेल्या मालगाड्या एका दिवसात राख होतात. विदर्भातील हा कोळसा ज्या अरण्यांपासून बनला, ती अरण्ये पंचवीस कोटी वर्षांहूनही प्राचीन आहेत. एका दिवसात जे जळते ते पुन्हा घडविण्यास निसर्गाला लागणारा काळ मनुष्याच्या कोणत्याही वहीत मावणारा नाही. हे खाते केवळ खर्चाचे आहे. त्यात जमेची बाजू नाही.

कोळशाविषयी निदान कोणाचा गैरसमज नाही. तो संपणार हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे साठे मोजले जातात, पर्याय शोधले जातात. खरा धोका दुसऱ्या खात्यात आहे. भरून येणारे म्हणून ज्याच्याकडे निश्चिंतपणे पाहिले जाते, तेच हिशेब न ठेवल्यामुळे संपत जाते. वऱ्हाडातील भूजल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

जांभळाच्या झाडाखालचे सहा जण

लेश्यांचा विषय समजावून सांगताना मुनिमहाराज जांभळाच्या झाडाचा दृष्टांत देतात. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसऱ्याला मोठ्या फांद्या पुरेशा वाटतात, चौथ्याला डहाळ्या. पाचवा फक्त पिकलेली फळे तोडावी असे सुचवितो. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे वेचली तरी भूक भागेल. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा क्रम परिणामांच्या शुद्धीचा आहे. परंतु संसाधनांच्या दृष्टीनेही तो तितकाच अचूक आहे. झाड एकच, भूक एकच. सहाव्याच्या हाती ते झाड अक्षय ठरते आणि पहिल्याच्या हाती ते एका जेवणात संपते. तेव्हा एखादी वस्तू पुनर्नवीकरणीय आहे की नाही, हे तिच्या जातीवर जितके अवलंबून असते तितकेच घेणाऱ्याच्या हातावरही असते.

पूर्णेचे खोरे आणि खारे पाणी

बैतूल जिल्ह्यातील सातपुड्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांना शेकडो फूट जाडीचा गाळ साचलेला आहे. काळीभोर, सुपीक दिसणारी ही जमीन म्हणजे वऱ्हाडच्या कापसाचे माहेर. परंतु तिच्या पोटातील पाणी खारे आहे. तीन जिल्ह्यांतील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९०० च्या आसपास गावे या खारपाणपट्ट्यात मोडतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतील श्रावकांना त्याचे वर्णन ऐकण्याची गरज नाही. त्यांनी ते पाणी चाखलेले आहे.

खोऱ्याचा उतार कमी, मातीतून पाण्याचा निचरा मंद आणि उन्हाळ्यातील बाष्पीभवन तीव्र, या कारणांनी क्षार शतकानुशतके साचत गेले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. या पट्ट्यात पाण्यासाठी खोल बोअर घेणे म्हणजे अधिक खाऱ्या पाण्याला आमंत्रण देणे होय. ते पाणी पिकाला दिले तर त्यातील सोडियममुळे काळी माती घट्ट होते, पाणी मुरेनासे होते आणि जमीनच नादुरुस्त होते. म्हणजे एका संसाधनाचा चुकीचा उपसा दुसऱ्या संसाधनाचा नाश करतो. पिण्याच्या पाण्याची स्थिती अधिकच गंभीर. खारे पाणी पिणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आलेल्या आहेत.

या गावांना गोडे पाणी मिळते ते दूरच्या धरणांतून. अकोट परिसरातील ८४ खेडी योजना वान धरणावर, अकोला परिसरातील खांबोरा येथील ६४ खेडी योजना काटेपूर्णा धरणावर आणि दर्यापूर-अंजनगाव भागातील योजना शहानूर धरणावर अवलंबून आहे. यांपैकी वान आणि शहानूर या नद्या मेळघाटच्या डोंगररांगांतून उतरतात. १९७४ मध्ये स्थापन झालेला मेळघाट व्याघ्र प्रकल्प वाघांसाठी राखला गेला, हे खरे. परंतु खारपाणपट्ट्यातील मातेने सकाळी भरलेला गोड्या पाण्याचा हंडा त्याच सागवानी जंगलाची देणगी आहे. पावसाचे पाणी झाडांच्या मुळांशी थबकते, मुरते आणि नाल्यांतून हळूहळू झिरपत राहते. जंगल उजाड झाले तर तेच पाणी दोन दिवसांत गढूळ लोंढा होऊन निघून जाईल आणि धरणात गाळ टाकून जाईल. मुक्तागिरीच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी सातपुड्याची ही माया प्रत्यक्ष पाहिलेली आहे. तेथील धबधब्याचे वैभव पावसावर आणि माथ्यावरच्या वनराईवर उभे आहे.

संत्र्याच्या बागा आणि हजार फुटांचे बोअर

पूर्णेच्या खोऱ्यात गोड्या पाण्याचा अभाव आहे. याच अमरावती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वरुड व मोर्शी तालुक्यांत, गोडे पाणी होते आणि त्याच्याच बळावर संत्र्याचे वैभव उभे राहिले. या भागाला विदर्भाचे कॅलिफोर्निया म्हणण्याची प्रथा पडली. बागांनी शेतकऱ्यांच्या घरात पैसा आणला, मुले शिकली, लग्ने थाटात झाली आणि अमरावतीच्या कापडबाजारालाही त्या समृद्धीचा लाभ झाला.

संत्र्याला वर्षातून दोन बहार धरता येतात. मृग बहाराची फुले पावसाच्या आगमनाबरोबर येतात. आंबिया बहाराची फुले थंडीच्या अखेरीस येतात आणि ती फळे सबंध उन्हाळाभर विहिरीच्या पाण्यावर जगवावी लागतात. बागा वाढल्या, उन्हाळी उपसा वाढला. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले. दोनशे फुटांचे बोअर आटले तेव्हा चारशेचे, मग आठशेचे आणि अखेरीस हजार फुटांच्या आसपासचे बोअर घेतले गेले. येथील जमिनीखाली काळा पाषाण आहे. त्या खडकात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच साठते. पडणाऱ्या शंभर लिटर पावसातील दहाएक लिटरच तेथपर्यंत पोहोचते, असे भूजलतज्ज्ञांचे स्थूल गणित आहे. वरच्या थरातील पाणी दरवर्षीच्या पावसाने भरते. ते व्याज होय. खोल भेगांत मिळणारे पाणी थोडे असते आणि अतिशय सावकाश साठलेले असते. ते मुद्दल होय. वरुड व मोर्शी हे तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनांत अतिशोषित गणले गेले. याचा साधा अर्थ असा, की वर्षाकाठी जमेपेक्षा खर्च अधिक झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात या पट्ट्यातील अनेक बागा वाळल्या. संत्र्याचे झाड लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. ते तोडून सरपणाच्या भावाने विकण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्याच्या घरी त्या वर्षी नवे कापड गेले नाही, इतके सांगितले तरी व्यापाऱ्यांना पुरे.

यात त्या शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होता येत नाही. शेजाऱ्याने आठशे फूट बोअर घेतले की याची विहीर आटते. मग यालाही खोल जावे लागते. खाते सामाईक, परंतु उचल ज्याची त्याने करावयाची आणि पासबुक कोणाकडेच नाही, अशी ती स्थिती आहे.

दिसणारे पाणी आणि न दिसणारे पाणी

दर्यापूर तालुक्यात महिमापूर येथे एक प्राचीन सात मजली पायविहीर आहे. तिच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. पाणी वर असेल तर थोड्या पायऱ्या उतराव्या लागत, पाणी खोल गेले तर अधिक. पाण्याची पातळी किती घटली हे गावातील प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या पायांना कळत असे आणि वापर आपोआप जपून होत असे. बोअरमध्ये ही सोय नाही. सहा इंचांच्या नळीतून आत पाहता येत नाही. कळ दाबली की पाणी येते आणि ज्या दिवशी येत नाही, त्याच दिवशी खाते रिकामे झाल्याचे कळते.

म्हणूनच भूजलासाठी कायद्याची आवश्यकता भासली. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास राज्यात १९९३ च्या कायद्याने निर्बंध आले. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरहून म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून अधिक खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानून तिच्यावर नियंत्रणाची तरतूद केलेली आहे. कायदा आहे; परंतु प्रत्येक शेतात पहारा बसविता येत नाही. ज्या गावाने आपला हिशेब आपण मांडला, तेथेच कायदा जिवंत होतो.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. २०२४ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू झाली. कोळशाऐवजी सूर्याच्या बळावर पंप चालणे ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु विजेचे बिल हा उपशावरचा एक लगाम होता. तो सौर पंपावर उरत नाही. सूर्य अक्षय आहे, पंपाखालचे पाणी अक्षय नाही. अक्षय ऊर्जेने क्षयशील पाणी दिवसभर विनामूल्य उपसले गेले, तर एका खात्यातील बचत दुसऱ्या खात्यातील तूट होऊन बसेल. ठिबक सिंचनाचेही तसेच. जळगावचे कै. भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचन महाराष्ट्राच्या शेतकऱ्यापर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला, हे समाजाला भूषणावह आहे. परंतु ठिबकने वाचलेले पाणी जमिनीत राहू देण्याऐवजी त्यावर आणखी दोन एकर बाग लावली गेली, तर बचतीचे पुण्य कागदावरच राहते. साधन सुधारले तरी संयमाची जागा साधन घेऊ शकत नाही.

जमेची बाजू

सर्वच चित्र निराशेचे नाही. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा प्रथम झाली, तेव्हा निवडलेल्या राज्यातील तीन तालुक्यांत वरुडचा समावेश होता. भर उन्हाळ्यात गावकऱ्यांनी श्रमदानाने चर खोदले, बांध घातले. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना आली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ प्रकल्प हाती घेतला आणि शंभराहून अधिक यंत्रे गाळ काढण्यासाठी उभी केली. तलावाची साठवण वाढली आणि काढलेला सुपीक गाळ शेतात गेला. पाणी आणि माती या दोन्ही खात्यांत एकाच वेळी जमा झाली. खारपाणपट्ट्यात शेततळ्यांचा मार्ग उपयुक्त ठरत आहे, कारण तेथे पावसाचे गोडे पाणी खाऱ्या थराला भिडण्यापूर्वी वरच्यावर अडवावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र गोटे-वाळूचा सच्छिद्र पट्टा आहे, तेथे पाणी जमिनीत सोडता येते. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत मे २०२५ मध्ये करार झाला, तो याच तत्त्वावर. कोठे अडवावे आणि कोठे मुरवावे, हे जमीन ओळखूनच ठरते.

श्रावकाचे कर्तव्य

पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांना जैन दर्शनाने निर्जीव साठे मानले नाही. ते एकेंद्रिय जीव मानले. गृहस्थाला त्यांचा उपयोग टाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी अनर्थदंडविरती सांगितली. कारणाशिवाय जमीन खणू नये, पाणी सांडू नये, अग्नी पेटवू नये, झाडे तोडू नयेत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वने तोडण्याचा, जमीन फोडण्याचा आणि तलाव-सरोवरे आटविण्याचा धंदा स्पष्टपणे गणला आहे. भूजलाच्या अतिशोषणाला याहून नेमके नाव देता येणार नाही. पाणी गाळून पिण्याचा नियम अनेक घरांत आजही निष्ठेने पाळला जातो. परंतु वरच्या टाकीतून पाणी भळभळा वाहत असताना खाली गाळण्याचे वस्त्र धुतले जात असेल, तर नियमाचे शरीर राहिले आणि आत्मा गेला असेच म्हणावे लागेल.

कापडाच्या व्यवहारातही हे दिसते. एका सुती सदऱ्यामागे कपाशीपासून रंगाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा जागतिक अंदाज आहे. वऱ्हाडचा कापूस बहुतांशी जिरायती, म्हणजे पावसाच्या पाण्यावरचा. तो व्याजावर वाढलेला कापूस आहे, ही अभिमानाची बाब होय. तथापि दोन वेळा घालून टाकून दिलेले वस्त्र हा त्या पावसाचाही अपव्यय आहे. कापड विकणाऱ्यानेही टिकाऊ मालाची शिफारस करावी आणि घेणाऱ्याने गरजेपुरते घ्यावे. यात व्यापाराचे नुकसान नाही. टिकाऊ माल देणाऱ्या दुकानाचेच गिऱ्हाईक टिकते.

अखेरीस एक छोटा हिशेब. अकोला-अमरावती भागात वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हजार चौरस फुटांच्या छतावर त्यातून सुमारे ७४ हजार लिटर पाणी पडते. गळती-उडती वजा जाता ६० हजार लिटर हाती लागते. पाच माणसांच्या कुटुंबास रोज ५०० लिटर धरले, तर हे पाणी १२० दिवसांचे होते. चातुर्मासात आकाशातून उतरलेले पाणी आणखी एका चातुर्मासाएवढे पुरते. मंदिरे, स्थानके, मंगल कार्यालये, धर्मशाळा, शाळा, गोदामे आणि बाजारातील दुकाने यांची छते एकत्र धरली तर समाजाच्या डोक्यावरच एक तलाव उभा आहे. आज तो गटारात रिकामा होतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक संस्थेने आपले छत, आपली विहीर आणि आपले बोअर यांची नोंद करावी. पावसाळ्यापूर्वी छताचे पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडावे. खारपाणपट्ट्यातील संस्थांनी ते टाकीत साठवावे. वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेला आणि दिवाळीला, विहिरीची पातळी मोजून ती फलकावर लिहावी. खर्च थोडा आहे, काम कठीण नाही. हवी आहे ती केवळ नोंदीची सवय, आणि ती तर या समाजाच्या रक्तातच आहे.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते, पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. येत्या वर्षापासून त्या वहीत एक पान पाण्याचे असावे. डाव्या बाजूला पावसाने दिलेली जमा, उजव्या बाजूला घराने, दुकानाने व संस्थेने केलेला खर्च. ज्या वर्षी जमेची बाजू जड भरेल, त्या वर्षी पुढच्या पिढीचे मुद्दल शाबूत राहिले असे समजावे.

जय जिनेंद्र!